'खुकरी'चे 176 नौसैनिक



दरवर्षी 4 डिसेंबरला नौदल दिन साजरा होतो. 1971 च्या युद्धात क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर चढवलेल्या हल्ल्याची ती आठवण. 2023 मध्ये हा सोहळा सिंधुदुर्गात तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला. नौदल दिनानंतर पाचच दिवसांनी येणारी 9 डिसेंबर ही तारीख मात्र सामान्य माणसाच्या गावीही नसते. पाकिस्तानी नौदल ती विसरत नाही. तिथे तो 'हंगोर दिन' असतो.

'हंगोर' ही त्यांची फ्रेंच बनावटीची पाणबुडी. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री, दीवपासून सुमारे 40 सागरी मैलांवर, तिच्या पाणतीराने 'आयएनएस खुकरी'चा वेध घेतला. ही भारतीय फ्रिगेट 'किरपाण' या युद्धनौकेसह मुंबईहून निघाली होती, ती पाणबुडीच्याच शोधात. सोनार यंत्रणेचा पल्ला वाढवण्याचा प्रयोग जहाजावर चालू होता आणि त्यासाठी वेग कमी ठेवला होता, असे काही जाणकार लिहितात. त्यावर वाद आहेत. जहाज मात्र काही मिनिटांतच बुडाले. 67 जण वाचले. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक परतले नाहीत.

'खुकरी'चे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिले आणि स्वतः जहाज सोडले नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले, 2000 साली त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले. हा मान त्यांचाच होता. पण ज्याला ते जॅकेट मिळाले, तो त्या कथेत बहुधा 'एक नौसैनिक' एवढाच असतो. ना नाव, ना गाव.

बाकीच्यांचेही तसेच. इंजिनखान्यात घाम गाळणारे, सोनारला कान लावून बसलेले, संदेश पोचवणारे, भटारखाना सांभाळणारे. नौसैनिकाची भरती होते तीच मुळी मिसरूड फुटण्याच्या वयात. अशा मुलांच्या घरी तार आली, पण देह आला नाही. देह न सापडल्यास हिंदू घरांत पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देण्याची रीत आहे, तिला पालाशविधी म्हणतात. तो करायचा म्हणजे मुलगा गेला हे आधी मान्य करायचे, आणि कितीतरी आया ते करू देत नाहीत.

दीवला समुद्राकडे तोंड करून 'खुकरी'चे स्मारक उभे आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात हुतात्म्यांची नावे कोरलेली आहेत. माझगाव गोदीत बांधलेली दुसरी 'खुकरी' 1989 ते 2021 अशी सेवा बजावून संग्रहालयासाठी दीवला गेली. म्हणजे दगड आणि पोलाद पुरेसे आहे. कमी पडते ती ओळख.

म्हणून नौदलाने एक करावे. 176 नौसैनिकांपैकी प्रत्येकाचे नाव, वय, गाव आणि जहाजावरचे काम यांची नोंद, कुटुंबांच्या संमतीने, त्यांच्या त्यांच्या मातृभाषेत छापावी आणि ती गावच्या शाळेत पाठवावी. आणि 9 डिसेंबरला, ज्या मुंबईतून ते निघाले त्या मुंबईत, हुद्द्याचा क्रम न लावता सगळ्या 194 जणांची नावे मोठ्याने वाचावीत. अर्ध्या तासाचे काम आहे. येत्या 9 डिसेंबरपासून ते सुरू व्हावे, ही विनंती.