कॅटकॉन पोकळ करणे हा इलाज नव्हे

पेट्रोल गाडीचा पिकअप पडला, घाट चढताना ती दमू लागली, ॲव्हरेज घसरले, की काही गॅरेजांत एक स्वस्त उपाय सुचवला जातो: कॅटकॉन, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पोकळ करून घ्या, गाडी मोकळी पळेल. कोंडलेली गाडी त्यानंतर खरोखरच पळते, आणि म्हणूनच हा सल्ला घातक आहे. बिघाडाचे लक्षण नाहीसे होते, त्याचे कारण इंजिनातच राहते आणि धूर गाळल्याविना रस्त्यावर येतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होण्याची लक्षणे मालकाने ओळखायला हवीत ती हा डबा काढण्यासाठी नव्हे, तर इंजिनातले दुखणे वेळेत पकडण्यासाठी.

सायलेन्सरच्या वाटेवरच्या या डब्यात सिरॅमिकच्या बारीक जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर असतो. तापल्यावर तो कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे कार्बन डायऑक्साइड, वाफ व नायट्रोजन करतो. हा डबा सहसा आपणहून बिघडत नाही. प्लग किंवा कॉइल कमजोर होऊन गाडी मिसिंग करू लागली की न जळलेले पेट्रोल तिथपर्यंत पोचते, आत पेटते आणि जाळी वितळते. इंजिन ऑइल खात असेल तर त्याची राख थरावर बसते. मग खालून खडखड ऐकू येते, म्हणजे जाळी तुटली. सायलेन्सरमधून सडक्या अंड्यांचा वास येतो. वेग वाढवताना गाडी कोंडल्यासारखी होते. गाडीखाली नेहमीपेक्षा जास्त धग जाणवत असेल तर ती वाळल्या गवतावर किंवा पऱ्हाट्यांवर मुळीच उभी करू नये. या सगळ्याआधी बहुधा चेक इंजिनचा दिवा लागतो. कन्व्हर्टरच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. दोन्हींचे वाचन सारखे येऊ लागले की डबा काम करत नाही असे संगणक धरतो. मात्र सेन्सर खराब असला किंवा एक्झॉस्ट गळत असला तरी हाच दिवा लागू शकतो. त्यामुळे आधी स्कॅनर लावायचा, मिसिंग आणि गळती तपासायची, नवा कॅटकॉन त्यानंतर. मिसिंग तशीच राहिली तर नवाही जळतो.

जालन्यात यावर एक आक्षेप हमखास येतो: इथली हवा स्टीलच्या भट्ट्यांनी बिघडवली, चारचाकीवाल्यांना कशाला धरता? आक्षेपात तथ्य आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम 2019 मध्ये सुरू झाला. त्याच्या यादीत महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये जालना आहे, आणि तिथला मुख्य प्रश्न धूलिकणांचा आहे. कॅटकॉन धूळ अडवत नाही. पण कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा बळकावतो, नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून हवेत ओझोन आणि सूक्ष्म कण तयार होतात. गांधी चमनच्या कोंडीत हा धूर दुचाकीवरच्या मुलाच्या नाकात जातो. चिमणीवर कारवाई मागण्याचा आपला हक्क पक्का आहे, आणि आपल्या गाडीचा धूर गाळण्याची जबाबदारी त्याने कमी होत नाही.

पीयूसी मिळते, मग अडचण काय, असेही विचारले जाते. पेट्रोल गाडीच्या या चाचणीत इंजिन उभ्या जागी चालवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजतच नाहीत. म्हणजे पास झालेली पावती कॅटकॉन धड असल्याचा पुरावा ठरत नाही. खर्चाची तक्रार मात्र रास्त आहे. आतले धातू इतके महाग आहेत की महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला गेले. पण हा खर्च टाळण्याची खरी जागा प्लग आणि कॉइल वेळेवर बदलण्यात आहे. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाचे निकष मोडल्यास 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही हिशेबात धरावे.

पीयूसी केंद्रांनी नळी लावण्याबरोबरच कॅटकॉन जागेवर आहे का हे पाहावे, अशी मागणी जालनेकरांनी आरटीओकडे करायला हवी. आणि एमएच-21 पाटीची ज्यांची गाडी आज चेक इंजिनचा पिवळा दिवा लावून धावते आहे, त्यांनी याच आठवड्यात स्कॅन करून घ्यावे. हा दिवा लुकलुकत असेल तर वेग कमी करून गाडी थेट गॅरेजला न्यावी.