हें सांगावयास परत कोण आलें?

समुद्रांत नाहींशा झालेल्या एका मासेमारी बोटीच्या सत्य घटनेवरून २००० सालीं निघालेला ‘द परफेक्ट स्टॉर्म’ हा अमेरिकन चित्रपट परवां आमच्या घरीं सर्व मंडळींनीं एकत्र बसून पाहिला. मुलांना डोंगरासारख्या लाटांचें कौतुक वाटलें आणि शेवटीं घरांतील बायकांचे पदर डोळ्यांना लागले. चित्रपट संपल्यावर आमच्या मातोश्रींनीं मात्र एकच प्रश्न विचारला, ‘‘अरे, सगळेच बुडाले ना? मग हें सांगायला परत कोण आलें?’’ मुलें हंसलीं. आम्हांला हंसूं आलें नाहीं, कारण या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. या महिन्यांत आमच्या वाचकांपुढें तोच प्रश्न ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम घडलेली हकीकत पाहूं. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील ग्लॉस्टर हें गांव १६२३ सालापासून मासेमारीवर जगत आलेलें आहे. तेथून २० सप्टेंबर १९९१ रोजीं ‘अँड्रिया गेल’ नांवाची ७२ फूट लांबीची बोट सहा माणसें घेऊन तलवारमासा धरण्यासाठीं निघाली. या धंद्यांत कित्येक मैल लांबीचा दोर पाण्यांत सोडावा लागतो व त्याला शेंकडों गळ लावलेले असतात. धरलेला मासा बर्फांत घालून आठवडेच्या आठवडे बोटींतच जपावा लागतो; तो नासला तर सगळी मेहनत फुकट. न्यूफाउंडलंडनजीकच्या ग्रँड बँक्स या उथळ समुद्रांत व तेथून आणखी पूर्वेस मासेमारी करून बोट परत फिरली. २८ ऑक्टोबरच्या संध्याकाळीं तिच्या कप्तानाचें दुसऱ्या एका बोटीच्या कप्तान लिंडा ग्रीनलॉ या बाईंशीं बिनतारी यंत्रावर बोलणें झालें. त्यानंतर त्या बोटीवरून कोणाच्या कानीं शब्द आला नाहीं.

त्या दिवसांत अटलांटिकवर एक विलक्षण योग जुळून आला होता. कॅनडाकडून आलेली थंड हवा, समुद्रावर तयार झालेला कमी दाबाचा पट्टा आणि दक्षिणेकडून येणारें ‘ग्रेस’ नांवाचें चक्रीवादळ, या तिहींची गांठ पडली. ३० ऑक्टोबर रोजीं कॅनडाच्या किनाऱ्यापासून दूर पाण्यांत तरंगणाऱ्या एका मापकयंत्रानें सुमारें शंभर फूट उंचीच्या लाटेची नोंद केली. बोटीचा शोध ९ नोव्हेंबरपर्यंत चालला. सांपडलें तें इतकेंच : इंधनाचीं कांहीं पिंपें, एक रिकामा तराफा, आणि संकटाची खूण देणारें एक यंत्र. हें यंत्र सेबल बेटाच्या वाळूंत येऊन पडलें होतें. सहांपैकीं एकाचाही देह मिळाला नाहीं, आणि बोटही मिळाली नाहीं.

जगाला ठाऊक आहे तें येथें संपतें. पुढील कथा कोणीही सांगूं म्हटलें तर ती तर्कानें किंवा कल्पनेनेंच सांगावी लागते. या दोन्ही वाटा कशा चोखाळल्या गेल्या तें पाहण्यासारखें आहे. सेबॅस्टियन युंगर या लेखकानें १९९७ सालीं या घटनेवर पुस्तक लिहिलें. त्याच्याच आधारानें चित्रपट निघाला. परंतु बोटीवर काय बोलणें झालें हें कोणालाच कळणें शक्य नव्हतें, म्हणून युंगरनें तेथें संवाद रचले नाहींत. अशाच वादळांतून वांचलेल्या इतर खलाशांना त्यानें गांठलें, बुडणाऱ्या माणसाच्या शरीराचें काय होतें हें वैद्यकावरून समजून घेतलें, आणि ‘असें झालें असावें’ एवढेंच म्हटलें. त्या ‘असावें’ या एका शब्दांत मृतांचा मान राखलेला आहे.

चित्रपटाला ‘असावें’ म्हणतां येत नाहीं. पडद्यावर जें दिसतें तें झालेंच, असें पाहणाराचे डोळे धरून चालतात. म्हणून चित्रपटांतील कप्तान लागोपाठच्या अपयशानें डिंवचलेला व हट्टाला पेटलेला दिसतो. बर्फाचें यंत्र बंद पडतें. माल नासूं नये म्हणून सगळे वादळांत शिरण्याचें ठरवितात. आणि शेवटीं एक तरुण खलाशी पाण्यावर एकटा तरंगत आपल्या प्रियेचा मनांतल्या मनांत निरोप घेतो. हें कोणीं पाहिलें, कोणीं ऐकिलें? चित्रपटाच्या अक्षरपटांत संवाद व कांहीं प्रसंग रचलेले आहेत असें नमूद केलें आहे, हें खरें. पण अक्षरें पाहून विसरलीं जातात आणि चेहरे मनांत राहतात.

याहून एक गोष्ट आम्हांला अधिक खटकली. त्याच वादळांत शिडाच्या एका नौकेंतील माणसें सुखरूप वांचविलीं गेलीं होतीं. चित्रपटांत या नौकेचें नांव बदललें आहे. मासेमारी करणाऱ्या सहा जणांचीं नांवें मात्र जशींच्या तशीं ठेवलीं आहेत. ज्यांना बोलतां येत होतें त्यांच्यावर पडदा टाकला, आणि ज्यांना बोलतां येत नव्हतें त्यांना उघडें ठेवलें.

कप्तानाच्या दोन कन्या व इतर कांहीं जण न्यायासनापुढें गेले. आमची परवानगी घेतली नाहीं, मोबदला दिला नाहीं आणि आमच्या माणसाचें खोटें चित्र रंगविलें, अशी त्यांची तक्रार होती. परवानगी व मोबदला या दोन गोष्टी घडल्या नव्हत्या, हें न्यायालयाच्या निर्णयांतही नमूद आहे. तरीही ते हरले. फ्लॉरिडाच्या सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं असा अर्थ लावला कीं, नांवाचा व्यापारी उपयोग करण्याविरुद्धचा तेथील कायदा माल खपविण्याच्या जाहिरातीसारख्या गोष्टींसाठीं आहे. चित्रपटाला तो लागू नाहीं.

या निर्णयाला आम्ही दोष देत नाहीं. घडलेल्या गोष्टीवर लिहावयास प्रत्येक वेळीं नातलगांची संमति लागेल, तर इतिहासावर एकही नाटक उभें राहणार नाहीं. या चित्रपटामुळें लाखों लोकांना ग्लॉस्टरचें नांव कळलें आणि ताटांत येणाऱ्या माशाची किंमत कोणी कशी मोजली हें दिसलें, हेंही कबूल केलें पाहिजे. परंतु कायद्यानें मोकळीक दिली म्हणजे आपलें कर्तव्य संपतें, असें मानण्याची आपल्या घरांची रीत नाहीं.

या ठिकाणीं आम्हांला पानिपताची आठवण होते. १७६१ च्या त्या प्रलयांत भाऊसाहेब पडले. पण पार्वतीबाईंनीं तें अखेरपर्यंत मानलें नाहीं, वैधव्य पत्करलें नाहीं. डोळ्यांनीं पाहिल्यावांचून मन तें मानीत नाहीं. पुढें एक तोतया भाऊसाहेब म्हणवून उभा राहिला, व लोकांनीं त्यावर विश्वासही ठेविला. जेथें साक्ष नसते तेथें तोतयाला जागा मिळते. पडद्यावरील तो हट्टी कप्तान खऱ्या कप्तानासारखा असेल किंवा नसेलही. पण त्या दोन मुलींना जन्मभर लोक त्याच्याविषयींच विचारणार, हें त्यांचें दुःख खोटें नव्हे.

मग असे चित्रपट पाहूं नयेत काय? पाहावेत, आणि मुलांसह पाहावेत. मात्र दिवा लावल्यावर घरांतील वडील मंडळींनीं मुलांना एक गोष्ट सांगावी : ठाऊक असलेली हकीकत २८ ऑक्टोबरच्या संध्याकाळीं संपते, आणि पुढचें सर्व कल्पनेचें आहे. खरें व रचलेलें यांमधील रेघ ओढणें हें चित्रपट काढणाराचें काम होतें. त्यानें तें केलें नाहीं, तर पाहणारानें करावें.

ग्लॉस्टरच्या किनाऱ्यावर सुकाणू धरून उभ्या असलेल्या एका खलाशाचा ब्राँझचा पुतळा १९२५ पासून आहे. त्याच्यासभोंवतीं समुद्रावर गेलेल्या पांच हजारांहून अधिक माणसांचीं नांवें कोरलेलीं आहेत. या सहांचींही त्यांत आहेत. २००१ सालीं तेथेंच आणखी एक पुतळा बसविण्यांत आला. त्यांत एक स्त्री आपल्या दोन मुलांना घेऊन समुद्राकडे पाहत उभी आहे. शेवटच्या घटकेला कोण काय बोललें, हें तेथें कोणीं लिहिलेलें नाहीं. आमच्या मातोश्रींना आम्ही हें सांगितलें, तेव्हां त्या इतकेंच म्हणाल्या, ‘‘तें बरें केलें त्यांनीं.’’