वारा शिरेल असा सदरा

मे संपत आला की काजवे बघायला राजमाचीच्या वाटा भरून जातात. शनिवारी रात्री कर्जतहून कोंदिवडं गाठायचं आणि कोंढाणे लेण्यांच्या अंगानं चढत पहाटेपर्यंत उधेवाडी, असा अनेकांचा बेत असतो. रात्र आहे, ऊन नाही, म्हणजे त्रास नाही असं धरून लोक निघतात आणि निम्म्या चढावर बसकण मारतात. रात्री पारा थोडा उतरतो तशी हवेतली सापेक्ष आर्द्रता वाढते. झाडीत पान हलत नाही. पावसाच्या तोंडावर समुद्रावरून आलेली वाफ घाटाच्या पायथ्याशी कोंडून राहिलेली असते. या चढावर माणसं बुटांची चौकशी करतात, सदऱ्याची करत नाहीत. आणि हाल बहुतेक वेळा सदराच करतो.

घाम आल्यानं अंग गार होत नाही, तो वाळल्यानं होतं. एक लिटर घाम अंगावरच पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि दमवणाऱ्या चढावर तासाभरात तेवढा घाम सहज येतो. पुण्याकडच्या कोरड्या मेमध्ये, ४० अंशांतही, सिंहगड चढताना सदरा अंगावरच वाळतो, पाठीवर मिठाचे पांढरे डाग उमटतात. कोंदिवड्याच्या चढावर पारा तिशीच्या आसपास असला तरी घाम हनुवटीवरून ठिबकत राहतो. ठिबकून गेलेल्या घामानं गारवा मिळत नाही, पाणी आणि मीठ मात्र जातं. हवा आधीच ओली असताना कापडाकडून मागायचं ते एवढंच, की त्यानं वाऱ्याच्या आड येऊ नये.

‘ट्रेकला कॉटन नको’ हा सल्ला आता प्रत्येक ग्रुपवर फिरतो. तो थंड देशांतल्या डोंगरांवरून आला आहे. तिथं भिजलेलं सुती कापड अंगातली ऊब काढून घेतं आणि माणूस गारठून दगावू शकतो. जुलैत कोकणकड्यावर पाऊस आणि भन्नाट वारा एकदम अंगावर येतो तेव्हा आपल्याकडेही तो सल्ला पाळावाच. मे महिन्यातल्या कोकणाच्या अंगाला मात्र तो जसाच्या तसा लावू नये. पातळ, ढगळ सुती सदरा ओला झाला तरी थोडा थोडा वाळत अंग निववत राहतो. जाड होजिअरीचा टी-शर्ट वेगळा. तो घाम पिऊन जड होतो आणि पाठीला चिकटून बसतो. आणि जीन्स कुठल्याच ऋतूत नको.

पॉलिस्टरचं गणित निराळं आहे. साधारण हवेत सुती धागा स्वतःच्या वजनाच्या आठ-साडेआठ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टरचा धागा अर्धा टक्काही नाही. त्यामुळे चांगल्या ड्रायफिटमध्ये घाम धाग्यांच्या फटींतून पसरतो आणि मोठ्या जागेवरून वाळतो. पण ‘ड्रायफिट’ असा शिक्का मारलेल्या कित्येक जर्सी इतक्या घट्ट विणीच्या असतात की आतली वाफ आतच राहते. म्हणून लेबल वाचण्यापेक्षा दुकानात कापड तोंडाशी धरून फुंकर मारावी. पलीकडे धरलेल्या तळहाताला ती सहज लागली तर कापड घ्यावं. माप नेहमीपेक्षा एक मोठं असावं, कारण अंग आणि कापड यांच्यामधून हवा खेळली तरच विरळ विणीचा उपयोग. धुताना कपडे मऊ करणारं कंडिशनर वापरू नये. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम पसरेनासा होतो.

अगदी जाळीदार जर्सी मात्र आपल्या रानात टिकत नाही. करवंदीची जाळी तिचे धागे ओढते आणि पावसाळ्यानंतर कुसळं तिच्यात अशी रुततात की रात्रभर वेचत बसावं लागतं. शिवाय विरळ कापडातून ऊन आत येतं. माझी पसंती पातळ, फिक्या रंगाच्या, पूर्ण बाह्यांच्या, पुढून बटणं असलेल्या शर्टाला. चढावर बटणं उघडता येतात, बाह्या सरकवता येतात, काट्यात खाली घेता येतात.

कमरेखालच्या कपड्यांबद्दल संकोचानं कुणी बोलत नाही, आणि सगळ्यात जास्त सोसावं तिथंच लागतं. ओलं सुती कापड मांड्यांना काचतं, जांघा सोलवटतात, पुढे नायटा होतो. इथं मी सुती कापडाच्या बाजूनं नाही. मांडीपर्यंत येणारी, लवकर वाळणारी अंडरवेअर आणि वर सैल ट्रेक पँट घालावी. मुलींना सर्रास लेगिंग घालायला सांगतात, पण दमट चढावर ती दुसऱ्या कातडीसारखी आवळून बसते. तिच्याऐवजी सैल पँट सुचवायला हवी. मोजेही सुती नकोत.

सॅकखालची पाठ कोणत्याही कापडानं कोरडी राहत नाही, म्हणून प्रत्येक थांब्यावर सॅक उतरवावी. वळवाची सर येईल म्हणून लोक महागडं ‘श्वास घेणारं’ जॅकेट आणतात. त्याच्या पापुद्र्यातून वाफ बाहेर पडते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. बाहेरची हवाच उबदार आणि वाफेनं भरलेली असली की तो फरक फारसा उरत नाही आणि माणूस आतून भिजतो. भातलावणीला वापरायचं इरलं मला या बाबतीत फार शहाणं वाटतं: डोकं आणि पाठ झाकली जाते, बाजूंनी वारा खेळतो. राजमाचीच्या रुंद वाटेवर छत्री तेच काम करते. उघड्या धारेवर ती चालणार नाही. कोरडा सदरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि उधेवाडीत पोचल्यावरच घालावा.

हे सगळं करूनही एखाद्याला उष्माघात होऊ शकतो, आणि तेव्हा अंग घामानं डबडबलेलंही असू शकतं. सोबती असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, तर ‘थोडंच राहिलंय’ म्हणत त्याला चालवू नका. आडवा करा, बूट आणि कपडे काढा, लाज बाळगू नका. असेल नसेल ते पाणी अंगावर ओता आणि ओल्या अंगावर जोरात वारा घालत राहा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी मदतीसाठी फोन लावावा. रेंज नसेल तर दोघांनी मिळून खाली गाव गाठावं.