उसाची तारीख ठरते, लेकरांची का नाही?

मागच्या हंगामात दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी वहिनीचा फोन आला. बेळगाव जिल्ह्यातल्या एका फडावरून. "ताई, इथली अंगणवाडीची बाई म्हणती, पोरीचं नाव तुमच्या गावात हाय, मी आहार कसा देऊ? आन् गावातली म्हणती, पोरगीच न्हाई हितं, तर मी वजन कुणाचं लिहू?"

पोरगी म्हणजे माझी भाची. वय अडीच वर्षं. कागदावर ती दोन राज्यांच्या मधोमध अडकली होती आणि प्रत्यक्षात पाचटाच्या कोपीत आईची वाट बघत बसली होती.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. त्यामुळे असे सगळे फोन मलाच येतात. पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मी दोन-तीन ठिकाणी बोलले. प्रत्येकाने शांतपणे सांगितलं की हे आमच्याकडे येत नाही. शेवटी वहिनी एक दिवस फड सोडून स्वतः गेली. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता धरतात. एकाने दांडी मारली तर कोयत्याचा खाडा पडतो आणि मुकादम तो पैसा उचलीच्या हिशोबात चढवतो. वहिनीला त्या दिवशी पाचशे रुपयांचा खाडा बसला. आहार मिळालाच नाही.

सरकारी भाषेत याला 'विभागांमधील समन्वयाचा अभाव' म्हणतात. मला हा शब्दप्रयोग मान्य नाही. समन्वयाचं काम होतच असतं, फक्त ते सरकार करत नाही. ते माझी वहिनी करते, स्वतःच्या मजुरीवर पाणी सोडून.

एका लेकरासाठी किती दारं आहेत ते मोजून बघा. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत. लस आरोग्य खात्याची. आहार महिला व बालविकासचा. शाळा शिक्षण खात्याची. रेशन पुरवठा खात्याचं. जातीचा दाखला महसूलचा. शिष्यवृत्ती आणि वसतिगृह सामाजिक न्यायचं. एकूण सात दारं, आणि प्रत्येक दारात तेच आधार कार्ड, तोच उत्पन्नाचा दाखला, त्याच झेरॉक्स. एका दारातला कागद दुसऱ्या दारात आपोआप कधीच जात नाही. तो आपणच डोक्यावरून वाहून नेतो.

माझा भाचा सहावीत आहे. त्याचा जातीचा दाखला काढताना हे पुन्हा कळलं. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० आधीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. माझी जात पडताळणी झालेली, भावाचीही झालेली. तरी पोराच्या अर्जासोबत आजोबांच्या शाळेच्या नोंदीपासून सगळी चळत पुन्हा जोडावी लागली. महाराष्ट्राच्या २००० सालच्या जात प्रमाणपत्र कायद्यात जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. शासनाने स्वतःच दिलेला कागद शासनालाच आठवत नाही आणि त्या विसरण्याची किंमत आपण भरतो.

आता कुणी म्हणेल, सरकारचं काम असंच असतं, इतक्या खात्यांना एकत्र आणणं सोपं नाही. मग मी त्यांना साखर कारखान्याकडे बघायला सांगते.

महाराष्ट्रात उसाचा गाळप हंगाम कोणत्या तारखेला सुरू होणार, हे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची मंत्री समिती ठरवते. त्यासाठी सहकार खातं, कृषी खातं, साखर आयुक्तालय असे सगळे एका टेबलाभोवती बसतात. किती हेक्टर ऊस आहे, किती कारखाने चालणार, शेतकऱ्याला दर काय, सगळं आधी मांडलं जातं. उसाच्या बाबतीत शासनाला समन्वय उत्तम जमतो. ऊस तोडणीविना उभा राहिला तर तो राज्याचा प्रश्न होतो, विधिमंडळात आवाज उठतो.

याचा अर्थ असा की बीड, जालना, परभणी, अहिल्यानगरच्या वस्त्या साधारण कधी रिकाम्या होणार, हे शासनाला आधीच ठाऊक असतं. तारीख तेच ठरवतात. पण त्या टेबलावर महिला व बालविकास, शिक्षण आणि आरोग्य खात्याला कुणी विचारत नाही की या तारखेला तुमची तयारी काय? आमच्याकडे टोळ्या ऑक्टोबरात गेल्या. मागे राहणाऱ्या मुलांसाठीचं हंगामी वसतिगृह सुरू व्हायला डिसेंबर उजाडला. मधले दोन महिने माझ्या भाच्याला माझ्या सत्तरीच्या मायने सांभाळलं. वर्गातली दुसरी तीन पोरं आई-बापासोबत फडावर गेली, त्यातली दोन परत शाळेत आलीच नाहीत.

कारखान्याची तारीख चुकत नाही, वसतिगृहाची चुकते. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. ऊस कुणाचा आणि कोयता कुणाच्या हातात, हे बघितलं की उत्तर मिळतं. कोयता दलितांच्या, भटक्या-विमुक्तांच्या, आदिवासींच्या, भूमिहीन बहुजनांच्या हातात आहे. त्यांच्या लेकरांची वेळ चुकली तर कुणाचं मंत्रिपद धोक्यात येत नाही.

समन्वय अशक्य नाही, हे याच राज्याने एकदा दाखवलेलं आहे. २००५ मध्ये औरंगाबादेतून राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. पैशाची मोठी नवी योजना त्यात नव्हती. आरोग्य खातं आणि अंगणवाडी यांनी एकाच बाळाकडे एकत्र बघावं, गरोदरपणापासून पहिले हजार दिवस सोडू नयेत, रिकाम्या जागा भराव्यात, वजनं खरी घ्यावीत, असा साधा आग्रह होता. २००५-०६ मध्ये राज्यातल्या दोन वर्षांखालच्या सुमारे ३९ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी होती. २०१२ च्या पाहणीत हे प्रमाण २४ टक्क्यांच्या आसपास आलं. याचं सगळं श्रेय एका मिशनला देता येणार नाही, पण लक्ष दिलं तर फरक पडतो हे नक्की. पुढे ती गती टिकली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालच्या बालकांमधलं हे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होतं आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के. म्हणजे जागच्या जागी.

केरळने वेगळा रस्ता धरला. १९९५ नंतर तिथे अंगणवाडी, प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र ही सगळी स्थानिक पंचायतीच्या अखत्यारीत दिली गेली. कुटुंबश्रीच्या बायका अंगणवाडीसाठी पोषक पीठ तयार करतात. तिथे जात संपलेली नाही, आदिवासी पाड्यांची अवस्था तिथेही वाईट आहे. पण निदान बाईला जाब विचारायला एक जवळचं दार आहे.

आपल्याकडे मात्र आता समन्वय म्हणजे ॲप असं समीकरण झालंय. पोषण ट्रॅकर आला. २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना मोबाइलवर चेहरा पडताळणं सक्तीचं झालं. फडावर रेंज नाही, उन्हाने रापलेला चेहरा जुन्या फोटोशी जुळत नाही, आणि मानधनावर राबणारी अंगणवाडी सेविका, जी बहुतेकदा आपल्यातलीच असते, शिव्या खाते. ॲप खात्यांना एकमेकांशी बोलायला लावत नाही. गरिबाने आपण खरे आहोत हे आणखी एकदा सिद्ध करावं, एवढंच ते मागतं. रेशन कार्ड देशात कुठेही चालतं, ही चांगली गोष्ट झाली. मग अंगणवाडीचा घास जिल्ह्याच्या आणि राज्याच्या सीमेवर का अडतो?

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. सगळी खाती उद्या एका छताखाली आली, पण ते छत गावातल्या वरच्या आळीत असलं तर? २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अन्न अधिकाराच्या खटल्यात सांगितलं होतं की अंगणवाड्या अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांमध्ये प्राधान्याने उघडा आणि शालेय माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकी नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्या. न्यायालयाला हे सांगावं लागलं, कारण नकाशावर अर्धा किलोमीटर असलेलं अंतर जातीच्या गावात ओलांडता येत नाही. जातीकडे डोळेझाक करून केलेला समन्वय म्हणजे नीट लावलेल्या फायली, बाकी काही नाही.

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी भूमिका घेतली होती की बाळंतपणात आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा मोठा भार सरकारने उचलायला हवा. शंभर वर्षं होत आली. मूल वाढवण्याचा भार कुणाचा, हा प्रश्न तिथेच आहे.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. गाळप हंगामाची तारीख ठरवणाऱ्या बैठकीत बालविकास, शिक्षण, आरोग्य आणि सामाजिक न्याय खातं बसलं पाहिजे, आणि वसतिगृह सुरू झाल्याशिवाय टोळीची गाडी हलता कामा नये. लेकराचा हक्क नोंदीच्या गावाला बांधलेला नसावा, लेकरू जिथे असेल तिथे तो मिळावा. महाराष्ट्र आणि कर्नाटकाने यासाठी लेखी करार करावा, कारखाने सीमेपलीकडून मजूर आणतातच ना? शासनाने एकदा दिलेला दाखला शासनाने दुसऱ्यांदा मागू नये. आणि तालुक्याला एक अधिकारी असा असावा ज्याला 'हे आमच्याकडे येत नाही' असं म्हणता येणार नाही.

आता शेवटचं, आपल्याशी. हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेक जण आपापल्या वस्तीची खिडकी आहेत. घरातली, भावकीतली, शेजारची, सगळ्यांचे फॉर्म आपण भरतो. ते सोडायचं नाही, कारण आपण सोडलं तर आपलीच माणसं उपाशी राहतात. पण नुसते फॉर्म भरत राहिलो तर व्यवस्थेचं बिनपगारी काम करत राहू. प्रत्येक फॉर्मसोबत एक अर्ज माहिती अधिकारात टाकूया: आमच्या तालुक्यातून किती मुलं स्थलांतरित झाली, हंगामी वसतिगृह कोणत्या तारखेला मंजूर झालं आणि कोणत्या तारखेला उघडलं? एकट्याचा अर्ज कचऱ्यात जाईल. वस्तीवस्तीतून शंभर अर्ज गेले तर उत्तर द्यावं लागेल.

यंदाच्या हंगामासाठी माझा अर्ज लिहून झालाय. वहिनी विचारत होती, याला किती खाडे पडतील. मी म्हटलं, या वेळी खाडा तुझा नाही, त्यांचा पडू दे.

जय भीम.