हेतूची पुनःप्रतिष्ठा

विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ साली समीक्षेच्या निकषांतून बाद ठरवलेला कर्त्याचा हेतू अ‍ॅनिमेशनपटाच्या दिग्दर्शकांशी होणाऱ्या प्रश्नोत्तरांत पुन्हा प्रमाण मानला जातो. प्रश्नकर्त्यांत साहित्याचे अभ्यासकही असावेत, हे अधिक खेदाचे. ‘लव्हिंग व्हिन्सेंट’ (२०१७) हे उदाहरण घ्यावे. सुमारे ६५,००० तैलचित्रित चौकटी, शंभरावर चित्रकार, या आकड्यांना टाळ्या पडल्या की मूल्यमापन संपते. वस्तुतः नटांच्या चित्रीकरणावर बेतलेल्या या चौकटींत चित्रकारांना स्वतःची शैली पुसून व्हॅन गॉगची गिरवावी लागली. मग कर्ता कोण? कोबिएला-वेल्चमन या दिग्दर्शकद्वयाचे उत्तर येथे फार तर एक साक्ष ठरते. कृष्णधवल पूर्वस्मृतींत व्हॅन गॉगचे फटकारे नाहीसे का होतात, याचा अर्थ पडद्यावरील प्रतिमांतूनच लावावा लागतो.