माहेर एका गावी, मैदान दुसऱ्या गावी

अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात ऑबर्न नावाचे विद्यापीठ आहे आणि शेजारच्या जॉर्जिया राज्यात, अथेन्स या गावी, जॉर्जिया विद्यापीठ. या दोघांमधले फुटबॉलचे वैर १८९२ सालापासूनचे. त्या भागातले सर्वांत जुने वैर म्हणूनच ते ओळखले जाते. आज ऑबर्नच्या मैदानाला पॅट डाय याचे नाव आहे आणि जॉर्जियाच्या मैदानाला व्हिन्स डूली याचे. यात नवल कसले, असे वाचकांना वाटेल. नवल असे की पॅट डाय हा जॉर्जियाचा विद्यार्थी आणि व्हिन्स डूली हा ऑबर्नचा! दोन हाडवैऱ्यांनी आपापल्या अंगणावर एकमेकांच्या मुलांची नावे कोरून ठेवली आहेत.

हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे कोल्हापुरात किंवा गोव्यात खेळतात तो नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचे, डोक्याला शिरस्त्राण, खांद्यावर चिलखत आणि समोरच्याला अंगावर घेऊन पाडायचे, असा तो धसमुसळा प्रकार. पण त्यामागचे वेड पाहण्यासारखे आहे. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून अधिक माणसे बसतात आणि ती कॉलेजच्या मुलांचा सामना पाहायला येतात. घरातल्या तीन पिढ्या एकाच संघाच्या. सामन्याच्या शनिवारी गावात लग्न ठरवले तर पाहुणे रागावतात, असे गमतीने म्हणतात. अशा ठिकाणी मुख्य प्रशिक्षक हा नोकरदार राहत नाही, तो गावाचा कारभारी होतो. अनेक राज्यांत सरकारी पगार घेणाऱ्यांत सर्वांत मोठा पगार त्याचाच असतो. मग अशा गादीवर वैऱ्याच्या घरचा माणूस कसा बसवतात?

डूलीची गोष्ट पाहा. अलाबामातल्या मोबिल शहरात १९३२ साली जन्मलेला हा मुलगा ऑबर्नकडून खेळला, नौदलाच्या मरीन दलात जाऊन आला आणि परत येऊन ऑबर्नमध्येच सहाय्यक प्रशिक्षक झाला. इतिहासाची एम. ए. पदवीही त्याने तिथेच घेतली. १९६३ च्या डिसेंबरात जॉर्जियाने त्याला मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावले, तेव्हा त्याचे वय होते ३१. त्याला आणणारे जोएल ईव्हज हेही मूळचे ऑबर्नचेच. पहिल्याच सामन्यात अलाबामाने ३१-३ असा धुव्वा उडवला. पण पुढच्याच वर्षी जॉर्जियाने त्याच अलाबामाला १८-१७ असे एका गुणाने हरवले. डूली त्या जागेवर २५ हंगाम राहिला. २०१ विजय, विभागाची ६ अजिंक्यपदे आणि १९८० साली राष्ट्रीय विजेतेपद. त्या वर्षी त्याच्या संघात हर्शेल वॉकर हा नवखा पोरगा वादळासारखा धावत होता.

आणि नेमक्या त्याच १९८० च्या अखेरीस माहेरची हाक आली. ऑबर्नची प्रशिक्षकाची जागा रिकामी झाली होती. त्यांनी डूलीला विचारले. ज्या घरात वाढलो त्या घराची किल्ली हातात मिळते आहे, असा प्रसंग माणसाच्या आयुष्यात किती वेळा येतो? डूलीने विचार केला आणि नकार दिला. ऑबर्नने मग निवडला तो पॅट डाय, म्हणजे जॉर्जियाचा माणूस.

हा डाय काही कोपऱ्यात बसून सामने पाहिलेला विद्यार्थी नव्हता. ऑगस्टाजवळच्या ब्लाइथ या छोट्या गावातला हा शेतकऱ्याच्या वळणाचा गडी जॉर्जियाकडून खेळताना देशातल्या उत्तम खेळाडूंत गणला गेला. १९५९ साली ऑबर्नविरुद्धच्या सामन्यात जॉर्जिया मागे होती. ऑबर्नच्या हातून चेंडू निसटला आणि त्यावर झडप घातली ती डायने. त्यातून मिळालेल्या संधीचे फ्रॅन टार्केंटनने सोने केले, जॉर्जिया १४-१३ ने जिंकली आणि विभागाची अजिंक्य ठरली. त्या काळी ऑबर्नच्या सहाय्यक प्रशिक्षकांमध्ये होता व्हिन्स डूली. पुढे डाय ९ वर्षे अलाबामात, बेअर ब्रायंट या दिग्गजाच्या हाताखाली सहाय्यक होता. अलाबामा म्हणजे ऑबर्नचा त्याहूनही मोठा शत्रू. म्हणजे एकाने ऑबर्नला रडवले होते आणि दुसरा रोजच्या रोज रडवत होता, अशा दोन्ही घरांचे मीठ खाल्लेल्या माणसाला ऑबर्नने घरात घेतले.

त्याने काय केले? १९८२ च्या नोव्हेंबरात, सलग ९ वर्षे अलाबामाकडून हरलेल्या ऑबर्नने २३-२२ असा विजय मिळवला. समोर उभा होता खुद्द ब्रायंट, डायचा गुरू. काही आठवड्यांतच ब्रायंट निवृत्त झाला आणि १९८३ च्या जानेवारीत वारला. ऑबर्न-अलाबामा सामना वर्षानुवर्षे बर्मिंगहॅमला होत असे. तो ऑबर्नच्या स्वतःच्या मैदानावर पहिल्यांदा झाला १९८९ साली, डायच्याच कारकिर्दीत, आणि ऑबर्नने तो ३०-२० ने जिंकला. गावाच्या स्वाभिमानाचा हा झेंडा रोवला कोणी, तर बाहेरच्या माणसाने. १९८१ ते १९८८ अशी ८ वर्षे डाय आणि डूली समोरासमोर उभे राहत होते. प्रत्येक जण आपल्या जन्मघराविरुद्ध. त्यात डायने ५ सामने जिंकले आणि डूलीने ३.

उत्तरेकडेही हीच गोष्ट आहे. बो शेंबेक्लर हा ओहायोचा सुपुत्र. वुडी हेज याच्या हाताखाली तो खेळला आणि पुढे हेज ओहायो स्टेटचा प्रशिक्षक असताना त्याचा सहाय्यकही होता. हेजचा मिशिगनवर इतका राग, की तो त्या विद्यापीठाचे नाव घेत नसे, उत्तरेकडची ती शाळा म्हणत असे. १९६८ साली त्याच्या संघाने मिशिगनला ५०-१४ ने चिरडले. १९६९ साली मिशिगनने प्रशिक्षक आणला तो शेंबेक्लर. सलग २२ सामने जिंकून आलेल्या, देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या ओहायो स्टेटला चेल्याने २४-१२ असे पाडले. पुढची दहा वर्षे गुरु-शिष्यांचे हे युद्ध चालले. शिष्याने ५ जिंकले, गुरूने ४, एक बरोबरीत सुटला. शत्रूच्या स्वयंपाकघरात जेवलेल्या माणसाला तिथल्या फोडणीचा वास बरोबर कळतो.

पण केवळ गुपिते माहीत असणे पुरेसे असते का? मला तसे वाटत नाही. गुपिते दोन हंगामांत शिळी होतात. बाहेरून आलेल्याजवळ दुसरे एक भांडवल असते: त्याला काहीही वारशाने मिळालेले नसते. घरच्या मुलाची एक चूक पोटात घातली जाते. बाहेरच्याची चूक झाली की लगेच त्याचे मूळ निघते. म्हणून तो हिशेब रोजचा रोज चुकता करतो. माझे आयुष्य बँकेत गेले. बँकेत तिजोरीच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात, कारण एकट्याच्या भरवशावर तिथे काहीच सोडत नाहीत. किल्ली देताना कुळी विचारत नाहीत, संध्याकाळी रोकड जुळते की नाही एवढेच पाहतात. प्रशिक्षकाची रोकड दर शनिवारी एक लाख माणसांसमोर मोजली जाते.

आपल्याकडचे उदाहरण आठवावे असे आहे. २०२२ च्या जूनमध्ये बंगळुरूला रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाने ४१ वेळा विजेत्या ठरलेल्या मुंबईला ६ गडी राखून हरवले आणि प्रथमच करंडक नेला. त्यांचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, मुंबईचे माजी यष्टिरक्षक. १९९९ साली याच मैदानावर मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून ते अंतिम सामना हरले होते. विदर्भालाही त्यांनी लागोपाठ दोनदा करंडक मिळवून दिला, आणि मुंबईलासुद्धा. मग पंडित कुणाचे? मला वाटते, हा प्रश्नच चुकीचा आहे. ज्या सकाळी ज्या मुलांना घेऊन ते मैदानावर उतरतात, त्या सकाळी त्या मुलांचे.

तरीही मूळ विचारायची आपली खोड जात नाही. ऑफिसात, वाड्यात, पक्षात, साहित्य संमेलनात, ‘मूळचा कुठला?’ हा प्रश्न आपण चौकशी म्हणून कमी आणि आरोप म्हणून जास्त विचारतो. घरात आलेल्या सुनेकडून मात्र दोन्ही घरे सांभाळण्याची अपेक्षा ठेवतो आणि ती सांभाळतेही. माहेरची आठवण काढली म्हणून तिची सासरची निष्ठा उणी होत नाही, हे बायकांनी पिढ्यान्पिढ्या सिद्ध केले आहे. पुरुषांच्या जगाला ते अजून शिकायचे आहे.

सगळ्याच कथा अशा गोड नसतात, हेही सांगितले पाहिजे. डायच्या कारकिर्दीचा शेवट १९९२ साली नियमबाह्य पैशांच्या चौकशीच्या छायेत झाला आणि त्याला पद सोडावे लागले. पण त्या चौकशीत त्याच्या जॉर्जियाच्या मुळाचा काही संबंध नव्हता. निष्ठा आणि सचोटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निष्ठा भरपूर असूनही सचोटी उणी पडू शकते, आणि मूळ तपासणाऱ्यांना नेमके तेच दिसत नाही.

ऑबर्नने २००५ साली मैदानाला डायचे नाव दिले, जॉर्जियाने २०१९ साली डूलीचे. डाय २०२० साली गेला, डूली २०२२ साली. निवृत्तीनंतर दोघांनाही एकच छंद जडला होता, बागेचा. दोघेही जपानी मेपल लावीत. हे झाड एका देशाच्या मातीतले, पण दुसऱ्या देशात उत्तम रुजते आणि शरद ऋतूत तिथल्याच झाडांसारखे लाल होते. त्याची सावली घेणारा माणूस त्याला कधी विचारत नाही, की बाबा, तू मूळचा कुठला.