घरची गोष्ट आणि गोष्टींतलें घर

प्रत्येक जुन्या घरांत दोन प्रकारचा ठेवा असतो. एक माळ्यावर: मोडींतील पत्रें, जमाखर्चाच्या वह्या, जन्मपत्रिका व वंशावळ. दुसरा माजघरांत, तो वडीलधाऱ्या स्त्रियांच्या तोंडीं असतो आणि बहुधा त्यांच्याबरोबरच नाहींसा होतो. कुलवृत्तांत रचणाऱ्याचें काम पहिल्यावर भागतें. कथा लिहूं पाहणाऱ्याला मात्र दुसऱ्यावांचून गत्यंतर नाहीं.

आमच्या आप्तांपैकीं एका सुशिक्षित सुनेनें नुकतीच आम्हांस पृच्छा केली. तिच्या आजेसासऱ्यांची बहीण बालविधवा होती. तिच्या वांट्याचें शेत भावानें स्वतःच्या नांवें करून घेतलें आणि ती जन्मभर त्याच्याच घरीं राबली. सुनेला तिच्यावर कथा लिहावयाची आहे. घरांतील मंडळी म्हणतात, "लिही, पण आमच्या आजोबांना त्यांत आणूं नकोस." आतां भावावांचून ही गोष्ट उभी कशी राहावी?

धनंजयानें दशरूपकांत कथावस्तूचे प्रख्यात, उत्पाद्य आणि मिश्र असे तीन भेद सांगितले आहेत. घरच्या आठवणींवरून रचलेली कथा अर्थातच मिश्र होय. नायकाला वा रसाला जें बाधक असेल तें टाकावें किंवा बदलावें, अशी मुभाहि तो देतो. महाभारतांतील दुष्यंत सर्व आठवत असूनहि शकुंतलेला भरसभेंत नाकारतो. कालिदासानें तेथें दुर्वासाचा शाप योजिला. राजाचा दोष त्यामुळें सौम्य झाला खरा. परंतु शकुंतलेचें दुःख तसूभरहि उणें झालें नाहीं, आणि स्मृति परतल्यावर राजाचीहि पश्चात्तापांतून सुटका झाली नाहीं. आमच्या मतें कसोटी हीच. जिच्यावर अन्याय झाला तिचें दुःख ज्या फेरफारानें खोटें ठरत नाहीं, तो फेरफार क्षम्य. केवळ घराण्याची अब्रू झांकण्यासाठीं आणलेला शाप मात्र वाचक तत्काळ ओळखतो.

आपल्या भाषेंत याचे उत्तम दाखले आहेत. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रांतून क्रमशः येऊं लागली. तींत यमू स्वतःच आपली कहाणी सांगते. लिहिणारा पुरुष, पण आवाज माजघरांतला. साने गुरुजींनीं 'श्यामची आई' १९३३ मध्यें नाशिकच्या तुरुंगांत लिहिली. १९३५ मध्यें ती प्रसिद्ध झाली. आई त्यांची स्वतःची. तरी मुलाचें नांव पांडुरंग न ठेवतां त्यांनीं श्याम ठेविलें. एवढ्याशा अंतरामुळें मुलाचे हट्ट व घरचें दैन्य मोकळेपणीं सांगतां आलें. वडिलांचें कर्जबाजारीपणहि त्यांत लपविलेलें नाहीं. पण तें वाचून कोणी त्या वडिलांचा द्वेष करीत नाहीं.

म्हणून त्या सुनेस आम्हीं असें कळविलें: नांवें बदल, गांव बदल, परंतु कोणत्या कृत्यामुळें काय घडलें, हा सांधा मोडूं नकोस. धंदा बदलतांना विशेष जप. कोंकणांतील शेतकऱ्याला पुण्यांतील कारकून केलेंस, तर बहिणीच्या शेतावर डोळा ठेवण्याचें कारणच उरणार नाहीं. तें कारण मात्र धुंडून काढ; माळ्यावरील वह्या चाळ, त्या सालचें देणें पाहा. भावाला केवळ दुष्ट रंगविणें सोपें आहे. तो बहिणीला दोन वेळां जेवूं घालीत होता आणि त्यालाच न्याय समजत होता, हें दाखविणें कठीण, आणि तेंच खरें. आत्याबाईंच्या तोंडीं आजचीं भाषणें घालूं नकोस. त्या बोलल्या नाहींत, हीच त्यांची कहाणी आहे. छापण्यापूर्वीं हयात मंडळींना कथा वाचून दाखव. त्यांचें ऐकून घे. लेखणी मात्र त्यांच्या हातीं देऊं नकोस.

घरांतील वडीलधाऱ्यांसहि आमची विनंति आहे. वंशावळींत आजोबांचें नांव ठळक आहे. तें कोणी पुसूं शकत नाहीं. त्या बहिणीची मात्र तेथें एक ओळहि नसेल. शेत तर आतां परत देतां येत नाहीं. सुनेच्या कथेनें त्या आत्याबाईंना निदान एक जागा मिळत असेल, तर ती त्यांच्या हक्काचीच समजावी.